उकळती वाळू आणि कॉम्प्युटरचे गणित



"आमचं पाचट बॉयलरला का घेत नाही?" हा प्रश्न गटवार बैठकीत हमखास निघतो. आमचे नेहमीचे उत्तर, पाचट सरीत कुजवा, हे आजही खरे आहे. पण खोडवा न ठेवणारा सभासद एकरी ३-४ टन पाचट पेटवूनच देतो. त्याला हे उत्तर पुरत नाही, म्हणून थोडे खोलात जाऊ.

बहुतेक साखर कारखान्यांत बगॅस लोखंडी जाळीवर जळते. फ्लुइडाइज्ड बेड बॉयलरमध्ये त्या जागी तापलेल्या वाळूचा थर असतो आणि खालून हवा सोडतात. फुटाणेवाल्याची कढई आठवा. वाळूमुळे हरभरा चहूबाजूंनी सारखा भाजतो. इथे कलथ्याचे काम हवा करते. हवेचा जोर वाळूच्या वजनाइतका झाला की थर सुटतो, पाण्यासारखा हलतो, बुडबुडे येतात. अर्ध्या मिलिमीटरच्या वाळूला थंड हवेत त्यासाठी सेकंदाला सुमारे २० सेंटीमीटर वेग पुरतो. वेग ४ मीटरच्या घरात गेला तर कण वाऱ्यावर निघून जातात, उफणणीत भुसा जातो तसे. या दोन वेगांच्या मध्ये काम साधायचे असते.

आता पाचटाची अडचण. त्याच्या राखेत पोटॅश आणि क्लोरीन असते. ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोटॅश वाळूतल्या सिलिकाशी मिळून काचेसारखे वितळते. कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, थर खाली बसतो आणि बॉयलर थांबवावा लागतो. ऐन गाळपात बॉयलर थांबला की तोडलेला ऊस फडात आणि गाड्यांवर वाळतो. वजन कुणाचं घटतं, हे सांगायला नको. गोळे आधी धरतात ते हवा कमी पोचणाऱ्या कोपऱ्यात. हे कोपरे बॉयलर बांधण्याआधी कळावेत, यासाठी कॉम्प्युटर.

हे काम आम्ही डोळ्यांनी पाहिले ते नवी मुंबईत, तळवलीला. आपल्या एका सभासदाचा मुलगा तिथे राहतो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशाच गणितांची नोकरी करतो. त्याच्याकडे उतरलो असता त्याने पडद्यावर वाळू उकळताना दाखवली. बुडबुडे वर येत होते, फुटत होते, आणि एका कोपऱ्यात लाल डाग हलतच नव्हता. "काका, ही मेलेली जागा. इथं नळी वाढवायची," तो म्हणाला.

प्रत्येक कणाचा हिशेब ठेवता का, असे आम्ही विचारले. त्यावर तो हसला. एका घनमीटरात तसले कण सुमारे ८०० कोटी! जपानमध्ये त्सुजी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कणाकणाचा हिशेब मांडला तो २,४०० कणांचा, तेही ४ मिलिमीटर जाडीचे. कणांची टक्कर पकडायला सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहून लहान पावले टाकावी लागतात. म्हणून मोठ्या बॉयलरसाठी दुसरी युक्ती करतात. आपण उसाचा अंदाज काढताना सगळा फड मोजतो का? दहा फूट सरीतले ऊस मोजून गुणतो. तसे हजारो कणांचा एक प्रतिनिधी कण धरतात. नाहीतर वाळूलाच दुसरा द्रव समजतात, थराचे बारीक चौकोन पाडतात आणि चौकोनाचौकोनात किती हवा व वाळू आली, किती गेली, कुणी कुणाला किती ओढले याचा ताळा लावतात. पाटाच्या पाण्याचा गुंठ्यागुंठ्यात हिशेब ठेवावा, तसाच प्रकार. आपल्याकडेही असल्या प्रवाहांच्या गणितावर मोठे काम झाले आहे. माटुंग्याला प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. विवेक रानडे यांनी ते केले. रानडे यांचे या विषयावरचे पुस्तक २००२ मध्ये निघाले.

तरीही रंगीत चित्रावर आमचा आंधळा विश्वास नाही, आणि त्या मुलाचाही नव्हता. हवा कणाला किती ओढते याचे सूत्र निवडावे लागते, आणि ते बहुधा गोल कणांवर बसवलेले. बगॅसचे तंतू आणि पाचटाची पाती गोल कुठे असतात? शिवाय कण चिकटण्याचे गणित अजून कच्चेच आहे. म्हणून पारदर्शक पेटीत खरी वाळू उडवून ताळा पाहतात. उद्या कुणी विक्रेता सर्वसाधारण सभेत असे चित्र दाखवील, तेव्हा हा ताळा घेतला का आणि कोणते इंधन धरून घेतला, हे दोन प्रश्न सभासदांनी जरूर विचारावेत.

कारण कॉम्प्युटरला इंधनाचे आकडे आपणच पुरवणार. बगॅसमध्ये ओल निम्मी असते. पाचट मात्र उन्हात वाळलेले की दवात भिजलेले, यावर आकडा बदलतो. गाठ बांधताना माती आली तर राख वाढते. एका फडातले पाचट आणि शेजारचे, दोन्हींतले पोटॅशही सारखे नसते. म्हणून ज्यांना पाचट द्यायचे आहे त्यांनी तोडणीनंतर चार-पाच दिवस वाळवून, माती झटकून, दोन किलोचा नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गट ऑफिसला आणावा. पिशवीवर गट नंबर, उसाची जात आणि तोडणीची तारीख लिहावी. पावसात भिजलेला नमुना आणू नये.