सॉर्ट केलेली यादी पूर्ववत कशी करावी?

कागदाच्या वहीत एक मोठा गुण होता. ओळ एकदा लिहिली की ती जागची हलत नसे. एक्सेलमध्ये मात्र एक बटण दाबले की हजार ओळी नावानुसार, रकमेनुसार वा तारखेनुसार क्षणात लावून मिळतात. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण यादी अगोदर कोणत्या क्रमाने होती, हे एक्सेल आपणहून शीटमध्ये कुठेही टिपून ठेवत नाही. म्हणून ‘होती तशी कर’ असे बटणही त्यात नाही. केलेले उलटवणारे कंट्रोल झेड आहे, पण ते फाइल उघडी आहे तोवरच. फाइल बंद झाली की तो मार्ग संपला.

आम्हाला हे 2023 साली कळले, आणि नुकसान सोसून कळले. आम्ही यंत्रमागवाल्यांना सूत देऊन कापड विणून घेतो. तागा आला की विणकराचे नाव आणि मीटर शीटमध्ये चढतात. मजुरीचा रकाना महिनाअखेरीस भरला जातो. वहीची जुनी सवय अशी की तारीख त्या दिवसाच्या पहिल्या ताग्यासमोर एकदाच लिहायची आणि खालचे रकाने कोरे सोडायचे. वहीत ते चालते, कारण वरची ओळ वरच राहते. दुकानातील मुलाने प्रत्येकाचा हिशेब एकत्र दिसावा म्हणून यादी नावानुसार लावली, सेव्ह केली आणि फाइल बंद करून तो घरी गेला. त्याचा हेतू चांगलाच होता. दुसऱ्या दिवशी आम्ही पाहतो तो बहुतेक ताग्यांना तारीखच नाही! त्याच महिन्याच्या मध्यावर मजुरी मीटरमागे 40 पैशांनी वाढली होती. कोणता तागा जुन्या दराचा आणि कोणता नव्या, हे सांगणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ओळींचा क्रम. तोच गेला. तीन रात्री बसून आम्ही आवकेच्या चिठ्ठ्या जुळवल्या. 37 ताग्यांचा पत्ता लागला नाही. त्या सर्वांना वाढीव दर दिला. चिठ्ठी आमच्याकडून हरवली, तर विणकराला खोटे कसे ठरवणार?

उपाय अगदी साधा आहे, पण तो सॉर्ट करण्यापूर्वी करावा लागतो. यादीच्या अगदी डावीकडे एक नवा रकाना घ्या आणि त्याला ‘मूळ क्रम’ असे नाव द्या. पहिल्या ओळीत 1, दुसरीत 2 लिहा, दोन्ही घरे निवडा आणि कोपऱ्यातील लहान चौकोन धरून शेवटच्या ओळीपर्यंत खाली ओढा. आता यादी हवी तशी फिरवा. परत पहिल्यासारखी हवी असेल तेव्हा याच रकान्यावर लहानाकडून मोठ्याकडे सॉर्ट करा. हे आकडे साधे आकडेच असावेत. काही जण तेथे ओळीचा क्रमांक काढणारे सूत्र घालतात. सॉर्ट झाल्यावर ते सूत्र नव्या जागेचा क्रमांक दाखवते, मग त्याचा काय उपयोग? नवी नोंद आली की पुढचा आकडा द्यावा, पुसलेल्या ओळीचा आकडा दुसऱ्या ओळीला देऊ नये. मधला आकडा गायब दिसला तर ओळ कुणीतरी काढली, हे लगेच कळते.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेव्हा घरात लिथोवर छापलेल्या जुन्या किताबा असत. त्यांत पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द दिलेला असे. शिलाई सुटून पाने विखुरली तरी ती पुन्हा लावता येत. ‘मूळ क्रम’ हा रकाना त्याच कामाचा.

तारखेचे कोरे रकानेही आधी भरले पाहिजेत. फक्त तारखेचा रकाना यादीपुरता निवडा, एफ फाइव्ह दाबून स्पेशल आणि त्यात ब्लँक्स घ्या. बरोबरचे चिन्ह टाइप करा, वरचा बाण दाबा आणि कंट्रोल धरून एंटर करा. प्रत्येक कोऱ्या घरात वरची तारीख येईल. ही मात्र सूत्रे झाली. म्हणून तो रकाना कॉपी करून त्याच जागी पेस्ट व्हॅल्यूज केल्याशिवाय सॉर्टला हात लावू नये.

आणखी एक धोका याहून वाईट आहे. एकच रकाना निवडून सॉर्ट केले की एक्सेल इशारा देते आणि ‘एक्स्पांड द सिलेक्शन’ असा पर्याय दाखवते. घाईत दुसरा पर्याय दाबला गेला, तर नावे हलतात आणि रकमा जागीच राहतात. एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर जाते. अशा वेळी मूळ क्रमाचे आकडेही वाचवू शकत नाहीत, कारण ओळच फुटलेली असते. यादीत मध्ये कोरी ओळ असेल तर तिच्याखालचा भाग सॉर्टमध्ये घेतला जात नाही, तेही पाहावे. खरे तर एका विणकराचेच तागे पाहायचे असतील तर सॉर्टची गरजच नाही. फिल्टर लावावा. त्यात बाकीच्या ओळी फक्त लपतात, क्रम बिघडत नाही.

चूक झालीच असेल, तर फाइल बंद करण्याची घाई करू नका. आताच्या एक्सेलमध्ये सेव्ह केल्यावरही कंट्रोल झेड चालते. फाइल वनड्राइव्हवर असेल किंवा काम गूगल शीट्समध्ये असेल, तर व्हर्जन हिस्टरीत कालची प्रत सापडण्याची आशा असते. तेही नसेल तर हिशेबनिसाला ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली जुनी फाइल शोधा. त्या जुन्या प्रतीत मूळ क्रमाचे आकडे घाला आणि व्हीलुकअपने, नेमकी जुळणी मागून, ते आकडे बिघडलेल्या यादीत आणा. नंतर त्यांनाही पेस्ट व्हॅल्यूज करा, मगच सॉर्ट करा. जुळणी केवळ चिठ्ठी क्रमांकावर करू नये. 15 क्रमांकाची चिठ्ठी चार विणकरांची असू शकते; नाव आणि क्रमांक दोन्ही जोडून दोन्ही याद्यांत एक खूण करावी. नावांचे स्पेलिंग मात्र एकच हवे. आमच्या शीटमध्ये एकच शेखसाहेब तीन प्रकारे लिहिलेले निघाले!

यादी लागली की मीटरची बेरीज जुन्या प्रतीशी ताडून पाहावी. बेरीज जुळली तरी दहा-बारा ओळी कुठूनही निवडून चिठ्ठ्यांशी लावून बघाव्यात, कारण नावे इकडची तिकडे झाली असली तरी बेरीज तीच येते.