सहा इंचांचा गब्बरसिंग

गणेशोत्सवात मांडवांतील देखावे पाहत हिंडणे आणि दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणे, या दोन गोष्टी न केलेला मुलगा आपल्याकडे विरळाच. चित्रपटातील एखादा प्रसंग लहान बाहुल्यांच्या साहाय्याने दीड-दोन फुटांच्या फळीवर उभा करणे हा माझा छंद. तो या दोहोंचाच धाकटा भाऊ म्हणावा लागेल. आजवर मी असे चार देखावे केले. त्यांपैकी ‘शोले’तील एका प्रसंगाचा देखावा मला दोनदा करावा लागला. पहिला फसला. तो का फसला, याचा शोध घेताना जे हाती लागले ते प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न करीत आहे.

आरंभी या छंदाची थोडी पूर्वपीठिका सांगणे इष्ट होईल. मित्र माझी थट्टा करतात, ‘काय रे, अजून बाहुल्याच खेळतोस का?’ ही थट्टा टाळण्यासाठी एका कंपनीला नवा शब्दच घडवावा लागला होता. १९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा बारा इंच उंचीचा, हातपाय वळवता येणारा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीला हात लावणार नाहीत, म्हणून तिला ‘बाहुली’ न म्हणता ‘अ‍ॅक्शन फिगर’ म्हणायचे ठरले. पुढे १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला. केनर कंपनीने त्यातील पात्रांच्या पावणेचार इंची बाहुल्या काढल्या. मागणी एवढी अनपेक्षित होती की, त्या वर्षीच्या नाताळात बाहुल्या तयारच नव्हत्या. मग कंपनीने नुसते पाकीट विकले. आतील कागद पाठवला की बाहुल्या पुढल्या वर्षी घरपोच! ज्यांना हवे ते पात्र बाजारात मिळेना, ते एका बाहुल्याचे डोके दुसऱ्याच्या धडावर बसवू लागले, नवे रंग देऊ लागले. हाच तो छंद.

त्याला केवळ पोरखेळ म्हणू नये, यासाठी एकच उदाहरण देतो. १९३३ सालच्या ‘किंग काँग’मधील महाकाय वानर प्रत्यक्षात सुमारे दीड फूट उंचीचा होता, आत धातूचा सांगाडा, वर रबर आणि सशाची फर. तो चित्रपट पाहून तेरा वर्षांचा एक मुलगा झपाटला आणि घरीच असे प्राणी घडवू लागला. त्याचे नाव रे हॅरीहाउसेन. पुढे तो याच कलेतील नामवंत झाला. असो.

आता माझ्या देखाव्याकडे वळतो. रमेश सिप्पी दिग्दर्शित ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. तरीही त्यातील गब्बरसिंगच्या प्रवेशाचा प्रसंग ठाऊक नाही असा माणूस आमच्या गावात शोधून सापडायचा नाही. कालिया आणि त्याचे दोन साथीदार रामगढहून हात हलवीत परततात. खडकावर बुटांचा आवाज, हातातील पट्टा दगडावरून घासत जातो. गब्बर पिस्तुलातील सहांपैकी तीन गोळ्या हवेत झाडतो, चक्री फिरवतो आणि तिघांच्या डोक्यावर एकेकदा चाप ओढतो. तिन्ही वेळा घर रिकामे निघते. गब्बर हसू लागतो, ते तिघे हसू लागतात, सारी टोळी हसते. आणि हसता हसताच तो तिघांना ठार करतो.

प्रथम प्रमाणाचा प्रश्न. मी १:१२ हे प्रमाण घेतो, कारण आपला हिशेब फूट-इंचांत चालतो : एका फुटाला एक इंच. सहा फुटी माणूस सहा इंचांचा. पण हा नियम माणसापुरता पाळून भागत नाही. दीड इंच रुंदीचा पट्टा सुताएवढा होतो. वाळूचा एक मिलिमीटरचा दाणा तेथे अर्ध्या इंचाचा खडा दिसतो. म्हणून जमिनीसाठी वस्त्रगाळ मातीच वापरावी लागते. जाड कापडाला त्या आकारात चुण्या पडत नाहीत. म्हणून जुन्या मलमलीचा तुकडा हिरवट रंगवून, गोंदाच्या पाण्यात भिजवून अंगावर बसवायचा. काडतुसे म्हणजे तांब्याच्या तारेचे तुकडे. धड जत्रेत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या सैनिकाचे, आणि डोके एम-सीलचे. त्याचे दोन भाग समप्रमाणात मळले की घट्ट होण्यापूर्वी थोडा अवधी मिळतो. तेवढ्यात पाण्यात बुडवलेल्या सुईने नाक-डोळे उठवायचे. नवख्याची नेहमीची चूक म्हणजे डोळे फार वर बसवणे. वास्तविक डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. माझी पहिली पाच डोकी या एका चुकीमुळे वाया गेली.

याच संदर्भात दिवाळीचा किल्ला आठवला. किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि सिंहासनावरील महाराज सर्वांत मोठे. त्याला आपण चूक म्हणत नाही, कारण ते मानाचे प्रमाण आहे. चित्रपटातही गब्बर मोठाच वाटतो. परंतु तेथे कॅमेरा खालून वर पाहतो म्हणून. पहिल्या वेळी मी देखावा अभ्यासाच्या टेबलावर ठेवला. पाहणारा उभा राहून वरून पाही आणि गब्बर बिचारा खुजा दिसे. फळी उचलून कपाटावर ठेवली, पाहणाऱ्याची नजर त्या तिघांच्या छातीशी आली, तेव्हा तोच सहा इंचांचा बाहुला अंगावर आला. प्रमाण नियमानेच ठेवायचे आणि मान नजरेच्या उंचीतून द्यायचा, हे मला त्या दिवशी कळले. मागच्या सुळक्यावर बसलेला सांबा मात्र मी जाणूनबुजून चार इंचांचा केला, म्हणजे तो दूर वाटतो.

एवढे करूनही पहिला देखावा निर्जीवच राहिला. मी गोळीबारानंतरचा क्षण निवडला होता. तिघे जमिनीवर पडलेले, गब्बरचे पिस्तूल रोखलेले, लाल रंग सढळ हाताने. मित्र आले, ‘छान’ म्हणाले आणि दुसऱ्या मिनिटाला परीक्षेच्या वेळापत्रकाविषयी बोलू लागले. महिनाभराची मेहनत अर्ध्या मिनिटात संपली, याचे मला फार वाईट वाटले. दोष रंगात असेल म्हणून मी रंग बदलला. काही उपयोग झाला नाही.

उत्तर मिळाले ते वर्गात. साहित्यविचाराच्या तासाला सरांनी लेसिंग या जर्मन विचारवंताच्या ‘लाओकून’ या ग्रंथाचा उल्लेख केला. हा ग्रंथ १७६६ सालचा. रोममध्ये १५०६ साली जमिनीतून निघालेल्या एका प्राचीन शिल्पसमूहावरून त्याला हे नाव मिळाले. लाओकून हा पुरोहित आणि त्याचे दोन मुलगे यांना सापांनी विळखा घातला आहे, असे ते शिल्प. लेसिंगचे म्हणणे थोडक्यात असे : काव्य काळात उलगडते, शिल्प व चित्र अवकाशात मांडले जाते. काव्याला सगळा प्रसंग सांगता येतो, शिल्पकाराच्या वाट्याला मात्र एकच क्षण येतो. म्हणून त्याने प्रसंगाचा कळस दाखवू नये. कळसापुढे काही उरत नाही आणि पाहणाऱ्याच्या कल्पनेचे पाय बांधले जातात. ज्या क्षणातून मागचे आणि पुढचे दोन्ही दिसते, तो क्षण निवडावा.

माझा दोष मला तेथेच सापडला. चित्रपट काव्यासारखा काळात चालतो, देखावा शिल्पासारखा थांबलेला असतो. मी चित्रपटातून नेमका कळस उचलून आणला होता. तीन प्रेते पाहिल्यावर पुढे काय होणार, हा प्रश्नच उरत नाही.

मग मी मोबाइलवर तो प्रसंग थांबवून थांबवून पुन्हा पाहिला. हवेत गोळ्या झाडण्याचा क्षण, चाप ओढण्याचा क्षण, असे एकेक पारखत हसण्याच्या क्षणाशी आलो. सगळे हसत आहेत, पिस्तूल खाली आहे, तिघांना वाटते आहे की आपण वाचलो. प्रसंग ठाऊक नसलेल्याला हे कोणाच्या तरी लग्नातले वऱ्हाड वाटेल. मग त्याची नजर पिस्तुलाकडे जाईल.

परंतु लेसिंगने येथेही एक इशारा देऊन ठेवला आहे. क्षणभंगुर भाव कायमचा थिजवू नये, असे तो म्हणतो. ला मेत्री या फ्रेंच तत्त्वज्ञाने स्वतःचे हसरे चित्र काढून घेतले होते. त्यावर लेसिंग म्हणतो की पहिल्या एकदोन वेळा तो हसताना दिसतो, पुन्हा पुन्हा पाहिले की त्याचे हसू म्हणजे नुसते दात विचकणे वाटू लागते. याचा अनुभव मला लगेच आला. तिघांची हसरी तोंडे करून शेल्फावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती हसरी राहिली नव्हती. ओठ ताणलेले, डोळे भेदरलेले. क्षणभर वाटले, पुन्हा फसलो. मग ध्यानात आले की या प्रसंगात तर हेच हवे आहे! त्यांचे हसणे सुटकेचे नाही, भीतीचेच आहे. इतरत्र जो दोष ठरला असता, तो येथे अर्थ ठरला. लेसिंगचा नियम खोटा ठरला असे मी म्हणणार नाही; त्याने सांगितलेला परिणाम मी कामाला लावला, एवढेच.

आता दगडांविषयी. या भागाचे श्रेय माझे नाही. माझे वडील खाणीवर दगड फोडण्याचे काम करतात. कॉलेजात मी काय शिकतो हे घरी सांगायला मला शब्द सापडत नसत, आणि खाणीतल्या गोष्टी वर्गात सांगण्यासारख्या असतील असे कधी वाटले नव्हते. एका रात्री ते जेवून उठले, देखाव्याजवळ आले आणि बाहुल्यांकडे न पाहता कागदाच्या लगद्याच्या खडकांवर बोट ठेवून म्हणाले,

“ह्यो कुठला डोंगर म्हनायचा?”

“कर्नाटकातला, आबा. बंगळूरच्या पलीकडचा.”

“मग आपला काळा दगड कशापायी लावलास? ह्याला पायऱ्या पडत्यात. तिकडं मुकादमासंगं गेलो व्हतो आमी. तिकडचा दगूड हत्ती बसल्यावानी गोल. उन्हानं त्याचा पापुद्रा सुटतो, कांद्यावानी.”

मी दिवाळीच्या किल्ल्याच्या सवयीने सह्याद्रीच केला होता! दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात भूगोलाची पुस्तके उघडली. ‘शोले’चे रामगढ कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरील रामनगरजवळ उभारले होते. या गावाचे जुने नाव क्लोजपेट. त्यावरून तेथील खडकाला ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात. तो करड्या व गुलाबी छटेचा असून सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आपला बेसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात, ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. ग्रॅनाइटचे पापुद्रे सुटून गोल शिळा उरतात. पुस्तकातील दोन पाने आणि आबांची चार वाक्ये यांत शब्दाचाच काय तो फरक होता.

खडक पुन्हा केले. गडद करडा रंग प्रथम, भेगांतून पातळ काळपट पाणी, आणि मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट गुलाबी रंग. आबा रोज रात्री पाहत. एकदा त्यांनी सुरी मागून घेतली आणि एका शिळेची कड स्वतः तासली. ती शिळा तशीच ठेवली आहे.

शेवटी प्रकाश. परदेशात अशा देखाव्याला ‘डायोरामा’ म्हणतात. हा शब्द १८२२ साली पॅरिसमध्ये डागेरने काढलेल्या खेळावरून रूढ झाला. तेथे मोठ्या चित्रित पडद्यावर प्रकाश पालटून दिवसाची रात्र करून दाखवीत. म्हणजे मूळ डायोरामा हा प्रकाशाचाच खेळ. खोलीत दोन नळ्यांचे दिवे लागले की प्रत्येक बाहुल्याला दोन सावल्या पडतात आणि खेळणे उघडे पडते. आकाशात सूर्य एक, म्हणून देखाव्यालाही दिवा एकच हवा. मी तो एका बाजूला, थोडा वर धरला. गब्बरची सावली तिघांच्या अंगावर पडली. ही सावली मी योजली नव्हती.

दुसरा देखावा पाहायला तेच मित्र आले. एकजण हसला आणि मध्येच थांबला. परीक्षेचा विषय त्या दिवशी निघाला नाही.

या छंदाला फार खर्च नाही. रद्दी, गोंद, माती, तार आणि चार रंग एवढ्यावर भागते. आपल्यापैकी कोणी हे करू पाहील तर माझी एवढीच सूचना : हाताला घाई करू नये. आधी क्षण निवडावा, मग प्रमाण ठरवावे, आणि डोंगर करायचा असेल तर डोंगरावर काम केलेल्या माणसाला विचारावे. तो कदाचित घरातच असेल.