अलिबागला निघताना आधी तिथी बघा

आमच्या केडगावच्या माणसाला पाण्याचं भय नसतं. भीमेच्या डोहात, कालव्याच्या धारेत पोहायला शिकलेली पोरं समुद्र दिसला की थांबत नाहीत. म्हणूनच अलिबागला जे घडलं, ते सांगावंसं वाटतं.

घरची सगळी मंडळी एका दिवसाच्या सहलीला गेलो होतो. ओहोटीला वाळू तुडवत कुलाबा किल्ल्यात शिरलो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गोड्या पाण्याचं तळं आहे आणि उत्तरेच्या तटाशी १८४९ साल कोरलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. पुतणे त्या तोफांपाशी रेंगाळले. बाहेर घोडागाडीवाला हाका मारत होता, "पाणी फिरलं, चला!"

पोरं दरवाजातून उतरली तेव्हा पाणी घोट्याला होतं, निम्म्या वाटेवर मांडीला लागलं. कालव्याचं पाणी एका अंगानं येतं. इथं ते दोन्ही अंगांनी भरत होतं आणि पायाखाली शेवाळलेले दगड. पट्टीचा पोहणारा धाकटा घसरून पडला. घोडागाडीवाल्यानं गाडी मागं वळवून त्याला वर ओढलं, म्हणून निभावलं.

किनाऱ्यावरची माणसं भरतीचा हिशोब तिथीवरून करतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. तिच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. चतुर्थीला चाराचे तीन, म्हणजे भरती दुपारी तीनला आणि ओहोटी सकाळी नऊला. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप लांब हटतं खरं, पण सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास. भर दुपारी किल्ला पाण्यानं वेढलेला असतो. अष्टमीला ओहोटी बाराच्या आसपास येते, पण ती भांगाची, म्हणजे पाणी कमी उतरणारी, त्यामुळे वाट पुरती उघडी पडेलच असं नाही.

तेव्हा शुद्ध असो वा वद्य, तृतीया ते पंचमीचा दिवस धरावा. संकष्टीला गेलात तर गणपतीचं दर्शनही घडेल. केडगावहून अलिबाग सुमारे २०० किलोमीटर आहे, म्हणून पहाटे साडेतीनलाच निघावं. तिथीचा हिशोब अंदाजाचा आहे. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघावी आणि पोचल्यावर घोडागाडीवाल्यांना पुन्हा विचारावी. पाणी उतरत असतानाच आत जावं आणि ते फिरायच्या आत सगळ्यांना मोजून बाहेर काढावं. गाडी वाळूत घालू नये. पावसाळ्यात तर किल्ल्याच्या वाटेला जाऊच नये.

रविवार मोकळा आहे म्हणून गाडी ठरवू नका. आधी पंचांग उघडा, मगच ड्रायव्हरला फोन करा. आणि किनाऱ्यावरच्या माणसानं "चला" म्हटलं, की फोटो अर्धवट सोडून निघा.