वाळवंटात झाड का उपटायचे?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई ओमानमध्ये सलालाला असतात. तिकडे सरकारच झाडे उपटून काढते, असे ते सांगतात. वाळवंटी मुलखात एकेक झाड मोलाचे, मग उपटायचे कशाला? फोटोत तर ती आपल्या वेड्या बाभळीसारखी दिसली. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तुम्ही बरोबर ओळखलेत, ती वेडी बाभूळच. शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, मूळची मेक्सिको, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली. भारतात ती १८७७ मध्ये आली. ओमानमध्ये गेल्या शतकात सावलीसाठी आणि हिरवाईसाठी लावली गेली. पाणी न घालता वाढणारे झाड कोणाला नको असते? पण ती लावल्या जागी थांबली नाही. शेंगा गोड, त्यामुळे शेळ्या-उंट त्या आवडीने खातात आणि बिया लेंड्यांतून दूरवर पडतात. वादीत, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्रात, पूर आला की उरलेल्या बिया पाण्याबरोबर जातात. मग काटेरी जाळी माजते आणि तिच्याखाली गवतसुद्धा उगवत नाही.

सलालाच्या बाबतीत काळजी अधिक आहे. सलालामागच्या धोफार प्रांतातल्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर धुके असते. तिथल्या जंगलातला मुख्य वृक्ष आपल्या धावड्याचा सख्खा नातेवाईक. जगात तो फक्त धोफार आणि शेजारच्या पूर्व येमेनमध्ये आढळतो. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की ही झाडे पानांवर धुके अडवून थेंबाथेंबाने जमिनीत पाणी मुरवतात. झाडे गेली तर ते पाणीही गेले. असे जंगल पुन्हा लावून उभे करता येईल, यावर माझा विश्वास नाही. म्हणूनच त्याच्या पायथ्याशी पसरणारी बाभूळ वेळीच रोखली पाहिजे.

पण उपटायचे झाड ओळखताना गोंधळ होतो तो ओमानच्या स्वतःच्या गाफ वृक्षामुळे. गाफ म्हणजे आपली शमी. शार्किया वाळवंटातली गाफची वने रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या १९८५-८७ च्या मोहिमेत बारकाईने अभ्यासली गेली. दोन्ही झाडे एकाच कुळातली आणि लांबून सारखीच दिसणारी. जवळ जाऊन काटे पाहावेत. वेड्या बाभळीचे लांब काटे पानाच्या बेचक्यात, बहुधा जोडीने येतात. शमीचे आखूड काटे दोन पेरांच्या मधल्या भागावर विखुरलेले असतात. ही ओळख पटलेला माणूस सोबत नसेल तर कुऱ्हाड चालवू नये.

आणि नुसती कुऱ्हाड चालवून काही साधतही नाही. बुंध्यावर तोडलेली वेडी बाभूळ अनेक फांद्यांनी फुटते आणि आधीपेक्षा दाट होते. उजनी धरणाच्या काठी कोळशासाठी ती वर्षानुवर्षे तोडली जाते, तरी संपलेली नाही, हे तुम्हाला सांगायला नको. जमिनीखालचा कोंब फुटणारा गड्डा खणूनच काढावा लागतो. जमिनीत पडलेल्या बिया पुढे कित्येक वर्षे रुजत राहतात, म्हणून प्रत्येक पावसानंतर परत जाऊन रोपे उपटावी लागतात आणि शेंगा लागलेल्या झाडांपासून गुरे लांब ठेवावी लागतात. दक्षिण आफ्रिकेने १९८७ मध्ये बिया खाणारा भुंगेराही सोडला. त्याने झाड मरत नाही, पण बीज कमी होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. धोफारमध्ये काय किंवा सोलापुरात काय, पहिल्या वर्षीच्या खोदाईबरोबर पुढच्या वर्षांची मजुरी बाजूला काढली नसेल, तर अशी मोहीम सुरूच करू नये.