आधी माळवदाचा भार उतरव

लेकरा, शिरूरचा वाडा नीट करायचा म्हणतोस, तर फरशी, रंग, नक्षी सगळं बाजूला ठेव आणि आधी माळवदावर चढ. कडेला उकरून मातीची जाडी मोज. गळती थांबावी म्हणून दर उन्हाळ्यात पांढरी माती टाकायची आपल्याकडची रीत. पिढ्यान्‌पिढ्यांची ती भर दीड-दोन फूट निघाली तरी नवल मानू नको. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास ओझं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती याच ओझ्याखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. पण माळवद लाकडी खांबांवर होतं तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती पडल्या, खण उभे राहिले. म्हणून खांब-तुळया काढून स्लॅब टाका म्हणणाऱ्याचं ऐकू नको. वाड्याचं रूप त्या खणांत आहे आणि तुझा जीवही.

माती आठ इंचांवर आण. सगळीकडून सारखी, थराथरानं काढ. काढलेली वरच ढीग करून ठेवू देऊ नको. मधे जाड प्लास्टिक अंथरून वर माती चोप, उतार पन्हाळीकडं दे. भिंतीलगतची माती काढताना तुळयांवरचं किलच उघडं पडेल तेव्हा तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बघ, कुजायला तिथूनच सुरुवात होते. पेचकस रुतला तर सुताराकडून तेवढंच टोक बदलून घे, अख्खी तुळई नको. खांब-तुळईच्या कोनात तिरपे लाकडी टेकू बसव, हादऱ्यात खण कलंडत नाही.

भिंत दोन-अडीच फुटांची दिसते, पण खरं तर त्या दोन भिंती असतात आणि मधे गोटे-माती. पोट फुगलं असेल तर दोन्ही अंगं सुटलीत असं समज. ती जागा उतरवून नव्यानं रच. बाकी भिंतीत मीटर-मीटरवर एकेक दगड हलक्या हातानं काढायचा, आरपार भोक पाडून त्यात आकडा केलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. घण अजिबात नको. सिमेंटचा गिलावाही नको, आतली ओल कोंडते आणि मातीचा जोड भुसभुशीत होतो. चुना निदान पंधरा दिवस भिजवून वापर. गवंडी कुरकुर करील, करू दे.

ढेलज, देवळ्या, बळद तशीच ठेव. माळवदातल्या सवण्यावर काच बसव, बुजवू नको. जमिनीतलं धान्याचं पेव उघडलंस तर दिवसभर वारं लागू दे, मग कंदील सोडून बघ. विझला तर कुणालाही उतरू देऊ नको. कंदील टिकला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच.

चौकट सोडवायची वेळ आली तर आधी फोटो काढ, प्रत्येक लाकडाच्या मागं खिळ्यानं खूण कर. पाडव्यानंतर कामाला हात घाल आणि मृगाच्या आत माळवद झाकून घे. आतलं काम पावसाळ्यात सावकाश चालू दे.