चार डिस्क बदलण्यापूर्वी

घरातल्या नॅसवरची, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीतली, जागा संपत आली की बहुतेकांना एकच मार्ग सुचतो. एक जुनी डिस्क काढायची, तिच्या खणात मोठी घालायची, रीबिल्ड पुरं होईपर्यंत थांबायचं, मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी. शेवटची डिस्क बसली की व्हॉल्यूम वाढवायचं आणि काम झालं. फोटो, घरच्या समारंभांचे व्हिडिओ, कागदपत्रांचे स्कॅन यांतलं काहीच हलवावं लागत नाही, बहुतेक नॅस बंदही करावे लागत नाहीत. नॅस बनवणाऱ्या कंपन्याच हा मार्ग सांगतात आणि बहुतेक वेळा तो पार पडतो. तरीही माझं मत ठाम आहे: ज्या नॅसमध्ये एकाच डिस्कच्या बिघाडाची सोय आहे, म्हणजे साधं रेड ५ आहे, तिथे घरच्या माणसाने या वाटेने जाऊ नये. आधी सगळ्या डेटाची वेगळी प्रत करावी, जुन्या चारही डिस्क एकदम बाहेर काढाव्यात, नव्या चार घालून कोरं व्हॉल्यूम बनवावं आणि प्रतीवरून डेटा परत आणावा. यात कष्ट जास्त आहेत हे मला मान्य आहे, पण ते कष्ट कशासाठी घ्यायचे हे एकदा आकड्यांत पाहिलं की निर्णय सोपा होतो.

समजा चार खणांचा नॅस आहे आणि त्यात ४ टीबीच्या चार डिस्क आहेत. रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी, म्हणजे एक डिस्क गेली तर तिचा डेटा परत काढता यावा अशा हिशोबी माहितीसाठी, जाते, त्यामुळे १२ टीबी वापरायला मिळतात. आता तिथे १६ टीबीच्या चार डिस्क घालायच्या आहेत. पहिली जुनी डिस्क काढली त्या क्षणी पॅरिटीचं संरक्षण संपतं. नव्या डिस्कवर काय लिहायचं हे कळण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी ४ टीबी लिहायला साडेसात तासांच्या आसपास लागतात, आणि त्याच वेळी घरात कोणी सिनेमा पाहत असेल किंवा मोबाइलमधले फोटो चढत असतील तर वेळ आणखी वाढतो. हे चार वेळा होतं. साध्या रेड ५ मध्ये जागा सगळ्यांत लहान डिस्कवर ठरते, म्हणून चौथी डिस्क बसेपर्यंत एक जीबीसुद्धा वाढत नाही. अर्धं काम करून थांबण्यात काहीच फायदा नसल्यामुळे माणूस घाईने पुढची डिस्क उपसतो.

आता जुन्या डिस्कवर पडणारा भार मोजू. पहिल्या अदलाबदलीत दुसरी, तिसरी आणि चौथी जुनी डिस्क पूर्ण वाचली जाते. दुसऱ्या वेळी तिसरी आणि चौथी. तिसऱ्या वेळी फक्त चौथी. म्हणजे जुन्या डिस्क मिळून सहा वेळा अथपासून इतिपर्यंत वाचल्या जातात, आणि एकटी चौथी तीनदा. बरं, हे सगळं वाचन होतं ते नेमकं संरक्षण नसताना. याउलट संपूर्ण डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेताना प्रत्येक जुनी डिस्क फार तर एकदा पूर्ण वाचली जाते, आणि त्या वेळी पॅरिटी शाबूत असते. कॉपी निम्म्यावर असताना एखादी डिस्क बंद पडली तरी उरलेल्या तिघींवरून कॉपी पुढे चालू राहते. तीच डिस्क तिच्या शेजारणीचं रीबिल्ड चालू असताना बंद पडली तर सगळं व्हॉल्यूम जातं. डिस्क त्याच, त्यांचं वयही तेच, तरी धोका एवढा बदलतो.

"माझ्या डिस्क ठणठणीत आहेत, स्मार्टच्या नोंदींत एकही दोष नाही," असं यावर कोणी म्हणेल. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या चार सर्वांत ठळक स्मार्ट नोंदी शून्यच होत्या. दोष दिसला तर तो गंभीर समजावा, यात शंका नाही. पण दोष दिसत नाही म्हणून डिस्क निरोगी, असा अर्थ निघत नाही. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे १५ लाख डिस्कवर ३२ महिने लक्ष ठेवलं होतं आणि त्यांतल्या ३.४५ टक्के डिस्कवर असे सेक्टर सापडले की जे वाचायला गेल्याखेरीज बिघडलेत हे कळतच नाही. घरच्या नॅसवर चार-पाच वर्षांपूर्वीचे फोटो कोण उघडतं? ते ज्या सेक्टरवर आहेत ते प्रथमच वाचले जातात ते रीबिल्डच्या वेळी, जेव्हा चूक दुरुस्त करायला पॅरिटी उरलेली नसते. म्हणून सगळ्या डिस्क वाचून तपासणारी डेटा स्क्रबिंग नावाची जी सोय नॅसमध्ये असते, ती डिस्कला हात लावण्याच्या आठवडाभर आधी एकदा पूर्ण चालवून घ्यावी. कोणताही मार्ग निवडला तरी.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रेडची कल्पना मांडणारा निबंध डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये बर्कलीहून प्रसिद्ध केला. त्यातल्या हिशोबात एका डिस्कच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नसतो असं गृहीत धरलं होतं. पुढे २००७ मध्ये बियांका श्रोडर यांच्यासोबत याच गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हे गृहीत टिकलं नाही. बिघाड एकापाठोपाठ एक, झुबक्याने येताना दिसले. घरच्या नॅसमध्ये तर याला पोषक असंच सगळं असतं: चारही डिस्क एकाच दिवशी, बहुधा एकाच खोक्यातून आलेल्या, तेवढेच तास फिरलेल्या, विदर्भातला मे महिना एकाच कपाटात काढलेल्या. एक थकली असेल तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत.

यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्य आहे. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात दर १२.५ टीबी वाचनामागे एक न वाचता येणारी चूक, असा आकडा असतो. त्यावरून १२ टीबीचं रीबिल्ड निम्म्याहून जास्त वेळा फसेल असा हिशोब वर्षानुवर्षं मांडला जातो. प्रत्यक्षात तसं घडत नाही. तो आकडा कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे, डिस्क सहसा त्याहून पुष्कळ चांगल्या चालतात, आणि एक सेक्टर गेला म्हणून प्रत्येक सिस्टिम सगळं व्हॉल्यूम सोडून देते असंही नाही. म्हणून मी त्या हिशोबावर विसंबत नाही. रीबिल्ड बहुधा यशस्वी होईल, हे मी मान्य करतो. माझा मुद्दा असा की डिस्क अचानक मेली तर रीबिल्डला पर्याय नसतो, पण जागा वाढवताना आपण चांगली चालणारी डिस्क स्वतःच्या हाताने उपसतो आणि ते संकट आपणहून चार वेळा ओढवून घेतो. दिवस आपण निवडलेला असतो. मग प्रत न करता तो निवडायला कोणतंही कारण उरत नाही.

प्रत करायची म्हणजे आणखी एक मोठी डिस्क आली, तिचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. माझ्या मते ती डिस्क नॅसच्याच खर्चात धरायला हवी. चौघींचे पैसे असतील आणि पाचवीचे नसतील, तर चार नव्या डिस्क आताच घेऊ नयेत. क्लाउडवर ठेवू म्हणणाऱ्यांनी अपलोडचा वेग पाहावा. सेकंदाला ५० मेगाबिटने १० टीबी चढवायला अखंड साडेअठरा दिवस लागतात, आणि परत उतरवण्याचा वेळ वेगळा. पण पैशांच्या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. एकेक करून काढलेल्या रेड ५ च्या जुन्या डिस्क डेटाची प्रत म्हणून उपयोगाच्या राहत नाहीत. पहिली काढल्यानंतर व्हॉल्यूमवर लिखाण होत राहतं आणि चौघींचा मेळ तुटतो. एकदम काढलेल्या चार डिस्क मात्र त्या दिवसाच्या डेटाची पूर्ण प्रतच असतात. प्रत्येकीवर खणाचा क्रमांक लिहून ठेवा, मधल्या काळात नॅसची सिस्टिम अपडेट करू नका, व्हॉल्यूम एन्क्रिप्टेड असेल तर त्याची किल्ली वेगळी जपा. नवं व्हॉल्यूम बिनसलं तर या चौघी त्याच खणांत घालून जुना संसार पुन्हा उभा करता येतो. या वाटेवर डेटा कायम दोन ठिकाणी असतो. तोटा एवढाच की यूजर, शेअर केलेले फोल्डर आणि अॅप नव्याने मांडावे लागतात, दोन-तीन दिवस नॅस बंद राहतो. सेटिंगची फाइल आधी एक्स्पोर्ट करून घेतली तर त्यातलं बरंचसं काम वाचतं.

एकेक बदलणं कुठे योग्य, तेही सांगायला हवं. दोन डिस्कच्या मिरर मांडणीत, म्हणजे रेड १ मध्ये, काढलेली डिस्क स्वतःच पूर्ण प्रत असते. तिथे घाबरण्यासारखं फारसं नाही. रेड ६ मध्ये एक काढली तरी एका बिघाडाची सोय उरते. आणि नॅसमध्ये एक खण रिकामा असेल तर झेडएफएस, लिनक्सचं एमडी आणि काही नव्या नॅसची सिस्टिम जुनी डिस्क जागेवर ठेवून नवी तयार करतात, मगच जुनी सोडतात. तो खण असेल तर त्याचा फायदा घ्याच. प्रत मात्र याही ठिकाणी हवीच, कारण चुकून पुसलेला फोल्डर किंवा रॅन्समवेअर पॅरिटीला ओळखता येत नाही. २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने इंटरनेटला थेट जोडलेल्या क्यूनॅपच्या नॅसमधल्या फाइली कुलूपबंद केल्या, तेव्हा डिस्क सगळ्या धडधाकट होत्या.

डिस्क विकत घेताना ती सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी, आहे ना, एवढं मॉडेल क्रमांकावरून तपासा. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (Red) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या. अशा डिस्कवर ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात, सलग मोठं लिखाण आलं की त्या रखडतात आणि रीबिल्ड फार लांबतं. जुना नॅस ३२ बिटचा असेल तर त्याचं एक व्हॉल्यूम बहुधा १६ टीबीच्या पुढे जाणार नाही. डिस्कचे पैसे देण्याआधी हे पाहावं. सिनॉलॉजीने २०२५ च्या प्लस मालिकेत इतर कंपन्यांच्या डिस्कवर निर्बंध घातले आणि त्याच वर्षी ते शिथिल केले, तेव्हा आपल्या मॉडेलची यादी आजच्या तारखेची वाचावी. नवी डिस्क आली की तिची स्मार्टची विस्तारित चाचणी पूर्ण होऊ द्या. १६ टीबीला जवळपास एक दिवस लागतो आणि पेटीतूनच खराब आलेली डिस्क तेव्हाच सापडते. शिवाय यूपीएस. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. यूपीएस नॅसला यूएसबीने जोडलेला असावा, म्हणजे बॅटरी संपण्यापूर्वी नॅस स्वतः व्यवस्थित बंद होतो.

डेटा परत आल्यावर लगेच जुन्या डिस्क विकायला काढू नका. फोल्डरांचे आकार ताडून पाहा, वेगवेगळ्या वर्षांचे फोटो आणि व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून पाहा, महिनाभर नॅस नेहमीसारखा वापरा. बाहेरची प्रत नातेवाइकांकडे किंवा निदान दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि ठरावीक दिवशी ती नव्याने भरा. त्यानंतर जुन्या डिस्क द्यायच्याच असतील तर प्रत्येक डिस्क पूर्ण पुसूनच द्या. रेड ५ ची सुटी डिस्क कोणाला वाचता येणार नाही, ही समजूत चुकीची आहे. रेड ५ मध्ये डेटा सहसा ६४ ते ५१२ किलोबाइटच्या तुकड्यांत चारही डिस्कवर वाटलेला असतो, आणि पॅन कार्डचा किंवा बँकेच्या पासबुकाचा स्कॅन अशा एकाच तुकड्यात अख्खा मावतो.