फुलझाडांची छाटणी : कात्री केव्हा उचलावी

आमच्या वसतिगृहाच्या प्रांगणातील बागेची निगा विद्यार्थी व शिक्षक मिळून राखतात. त्या निगेतील एक चूक आरंभीच सांगितली पाहिजे, कारण प्रस्तुत पाठ तिच्यातूनच निघाला. एका वर्षी वैशाख पौर्णिमेसाठी परिसर नीटनेटका दिसावा म्हणून आम्ही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोगऱ्याची सर्व झुडपे एका उंचीवर कापून घेतली. परिसर नेटका झाला. परंतु पौर्णिमेच्या सकाळी वंदनेसाठी बागेतून ओंजळभरही मोगरा निघाला नाही. फुले बाजारातून आणावी लागली. कापलेल्या फांद्या उचलताना त्यांवरील बारीक कळ्या आम्ही पाहिल्या होत्या. त्यांचा अर्थ मात्र नंतर कळला.

छाटणीने झुडूप केवळ आखूड होत नाही. फांदीच्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दडपून ठेवते. शेंडा कापताच ती दडपण सुटते आणि बाजूचे डोळे फुटून एका फांदीच्या जागी दोन-तीन धुमारे येतात. म्हणून छाटलेले झाड दाट होते. मात्र फूल कोणत्या फांदीवर येणार, जुन्या की नव्या, हे प्रत्येक जातीत वेगळे असते, आणि छाटणीचा काळ त्यावरच ठरतो.

मोगरा, जास्वंद, गुलाब आणि बोगनवेल नव्या फुटीवर फुलतात. त्यांची छाटणी बहराच्या पुरेशी आधी झाली पाहिजे, म्हणजे नवी फूट वाढून तीवर कळी धरण्यास अवधी मिळतो. मोगऱ्यास नोव्हेंबरअखेरपासून पाणी तोडून ताण द्यावा, डिसेंबर-जानेवारीत झुडूप जमिनीपासून सुमारे दीड फुटावर छाटावे, उरलेली पाने काढावीत आणि मग आळ्यात शेणखत घालून पाणी सुरू करावे. उन्हाळ्यात बहर येतो. आमच्या हातून मोगरा कापला गेला तो नेमका त्या बहराच्या मध्यावर. गुलाबाची छाटणी आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात करतात. साधारण दीड महिन्यात फुले दिसू लागतात.

अनंताची गोष्ट उलट आहे. त्याच्या कळ्या मागील हंगामात वाढलेल्या फांद्यांवर येतात. म्हणून फुले संपताच त्याची हलकी छाटणी करून मोकळे व्हावे. हिवाळ्यात नेटकेपणासाठी कात्री चालविली तर पुढील बहरच कापला जातो. थंड डोंगराळ प्रदेशातील कॅमेलियाचेही तसेच. हिवाळ्यात-वसंतात उमलणाऱ्या तिच्या कळ्या आधीच्या उन्हाळ्यातच तयार होतात. ही कॅमेलिया आपल्या बागांत क्वचितच दिसते, पण तिचे एक भावंड रोज आपल्या पेल्यात असते : चहा. चहाचे झुडूप मोकळे सोडले तर वृक्षाएवढे वाढते. मळ्यात ते वारंवार छाटून कमरेएवढे ठेवतात, कारण तेथे फूल नको असते, कोवळी पालवी हवी असते.

काप कसा घ्यावा, हे मुलांना आम्ही प्रत्यक्ष दाखवितो. प्रथम वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. काप बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर आणि डोळ्याकडून उतरता असावा, म्हणजे पाणी त्यावर साचत नाही. बोथट कात्रीने फांदी चिरडते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते, म्हणून धार आधी पाहावी. रोगट झाड छाटल्यावर पाती स्पिरिटने पुसावी. जाड फांदीच्या कापावर बोर्डो पेस्ट लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचे प्रमाण. मोरचूद धातूच्या भांड्यात भिजवू नये. ऐन पावसात मोठी छाटणी टाळावी.

कण्हेरीच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. तिचे सर्व भाग विषारी आहेत. लहान मुलांकडे ते काम देत नाही, छाटलेल्या फांद्या जाळू देत नाही आणि गुरांच्या वाटेवर टाकू देत नाही. जास्वंदीच्या फांद्या मात्र वाया जात नाहीत. वीतभर लांबीचे पक्व तुकडे ओलसर मातीत लावले की त्यांना मुळे फुटतात. कुंपणालगतची अर्धी जास्वंद अशाच तुकड्यांतून उभी राहिली आहे.

मोगऱ्याच्या छाटणीचा महिना आता बागेच्या खोलीतील फळ्यावर लिहिलेला असतो, आणि एप्रिलमध्ये कात्री कपाटाबाहेर निघत नाही.